तुझ्या आईची अकरा पातळं

भैरवी,

काल तू बाळाची झबली शिवायला आईची जुनी सुती पातळं मागितलीस आणि मी पेटीची किल्ली सापडत नाही म्हणालो. ते खोटं होतं. किल्ली माझ्या खिशातच होती. पेटी रिकामी आहे.

आईच्या तेरवीनंतर दारावर बोहारीण आली, तिला मी अकराही पातळं देऊन टाकली. "काका, औंदा खेड्यात कोणी जुनं लुगडं देऊन नाही राह्यलं, तेच नेसून राह्यले," म्हणाली आणि न मागता मोठा स्टीलचा डबा दिला. तू बाळंतपणाला येशील तेव्हा लागतील म्हणून आईनं ती धुऊन ठेवली होती, हे मला ठाऊक होतं. पण तेव्हा ती पेटी मला डोळ्यांसमोर नको होती.

त्याच डब्यात नानखटाई आहे. आईच्या मापानं पीठ मळून बेकरीच्या भट्टीवर भाजून आणली. तुला सांगायचं धैर्य होईना म्हणून हा उद्योग केला. खालून थोडी करपली आहे.

बोहारीण महागावच्या बाजारात जुने कपडे विकायला बसते असं कळलं. सकाळच्या गाडीनं तिकडे जातो आहे. एखादं तरी पातळ मिळालं तर आणीन.

नाहीच मिळालं तर माझे दोन जुने सदरे गरम पाण्यात धुऊन दोरीवर टाकले आहेत, ते काप. कापड मऊ आहे. कॉलरी झिजल्या तेव्हा आईनं त्या उलटवून शिवल्या होत्या. तेवढ्या मला काढून दे.

बाबा