यंदाच्या गाण्यांत ड्रम न्हाय

ग्लासगो, रविवार

चि. सम्राट,
ताईचा आशीर्वाद, आणि लाडानं एक धपाटा.

मी बरी हाय. इथं चारलाच अंधार पडतोय, पण खोली उबदार हाय, एवढं आईला सांग. तात्यांचा खोकला थांबला काय?

या थंडीला शोभणारा इथला एक इंडी रॉक बँड मला सापडलाय. बसमध्ये ऐकते. ड्रम असा बडवतात, तुझीच आठवण येते.

बावड्यात साखर कारखाना सुरू झाला की दरवर्षी तू मला नवी गाणी पाठवतोस, सगळी दणदणीत. स्वतः ड्रम वाजवणारा तू. बिनड्रमचं गाणं म्हणजे आळणी रस्सा, असं म्हणायचास. यंदा तीन पाठवलीस, तिन्हींत नुसती गिटार आणि एक रडका आवाज. मेसेजबी हल्ली टाईप करत न्हाईस, बोलूनच पाठवतोस.

आई म्हणते सगळं ठीक हाय. मामाच्या ऑपरेशनचं मला टाके निघाल्यावर कळालं, तेव्हाबी ती हेच म्हणत होती.

म्हणून हे पत्र. उत्तर फोनवर नको, आईच्या अक्षरातबी नको. तू उजव्या हातानं चार ओळी लिहून पाठव. अक्षर वाकडं आलं तरी चालंल.

वाट बघणारी,
संयोगिताताई