तळ्याकाठचं तण

छोट्या,

मी कामावर निघालेय. बाबा झोपलेत. तळ्याचा पंप लावू नकोस, पाणी पुन्हा हिरवं होऊ दे. भिंतीकडचं जे तण राहिलंय त्याला आता हात लावू नकोस. विळा मी माळ्यावर टाकलाय.

तुझी चूक नाही. बाबांना त्यांची बाग परत दिसावी म्हणून आपण दोघं मरमर राबलो. पण त्यांच्या डोक्यात बाग राहिली होती ती रान माजलेलीच. काल तळ्याकाठी उभं राहून मला म्हणाले, "छान ठेवलंय हो घर तुम्ही. येऊ आम्ही आता?" आणि चपला घालून फाटकाशी गेले.

फाटकाला कुलूप लावलंय, किल्ली फ्रिजवर आहे. तळ्यावरची जाळी काढू नकोस. हेच आपलं घर, असं समजावत बसू नकोस, ते घाबरतात. तण वाढेल परत, पण तोवर आपण तरी त्यांच्या ओळखीचे राहू का, कोण जाणे.

घरी कधी जायचं विचारलं, तर "ताई आली की निघू" म्हण. मी आल्यावर "छोट्या आला की" म्हणते.

ताई