कोपराखालचा हात

अल्लीपूर, दुकानातून

प्रिय आचल,

माझं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग म्हणशील, बाबांना हे काय सुचलं, फोन आहे की. फोन आहे, पण माझं व्हॉट्सॲप चंदनच्या कॉम्प्युटरला तूच जोडून दिलंस. मी काहीही लिहिलं की ते तुझ्या भावाच्या डोळ्यांसमोर उमटतं. घरून बोलावं म्हटलं तर पिपरीच्या घरात खोल्या दोन, आणि पडून राहणाऱ्या माणसाचे कान फार तिखट होतात. दुकानातून फोन केला असता, पण तू हल्ली मला दुसऱ्या वाक्याला तोडतेस आणि मग माझंही अवसान जातं. म्हणून कागद घेतला. फवारणीचा हंगाम सरलाय, पंप दुरुस्तीला कुणी आणत नाही, बसायला वेळच वेळ आहे. शेजारचा धीरज उद्या पुण्याला निघालाय, तो तुझ्या हातात देईल. वाचून ठेव नाहीतर फाड, फक्त तुझ्या त्या आजाराच्या साइटवर टाकू नकोस. आपल्या घरातलं बाकी सगळं तिथं आहेच.

घरची खबर म्हणशील तर तुझी आई ठीक आहे, म्हणजे स्वयंपाक करते, जेवते, झोपते. पवनारच्या विमलाबाई अजून दर रविवारी बसने येतात. पूर्वी या दोघी बसल्या की मला घरात थारा नसायचा, इतकी बडबड. आता दोघी समोरासमोर बसून भाजी निवडतात आणि भाजी संपली की विमलाबाई उठतात. त्यांच्या गोपालचंही चंदनसारखंच चाललंय, फक्त तो लहान असल्यामुळे दोन पायऱ्या मागे आहे. आईने फोनला हात लावणं सोडलंय. तुझा फोन आला की ती मोरीत जाऊन भांडी घासते, घासलेलीसुद्धा. तुझ्यावर राग आहे असं नाही गं. तिला तुझ्याशी काय बोलावं तेच कळत नाही.

तू ती साइट सुरू केलीस तेव्हाची गोष्ट मला वरचेवर आठवते. चंदनची खुर्ची नुकतीच आली होती आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हा आजार स्नायू खात जातो आणि त्याला औषध नाही. आम्ही हातपाय गाळून बसलो होतो. तू मात्र वही-पेन घेऊन मला समजवायला बसलीस. म्हणालीस, बाबा, हिंगणघाटचा मिस्त्री एक पंप खोलतो, यवतमाळचा दुसरा खोलतो, दोघांना तोच बिघाड सापडतो आणि दोघंही आपल्यापुरतं ठेवतात. सगळ्यांनी एका जागी लिहिलं आणि कुणालाही बघता आलं, तर नवीन मिस्त्रीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. या आजाराचे पेशंट एकेका गावात एक-दोन, कोणत्याच डॉक्टरपाशी पुरेसे नसतात. म्हणून सगळ्यांची मोजमापं एकत्र, उघडी, आणि साइटचा प्रोग्रामसुद्धा असा की कुणीही आतून बघावा आणि चूक असेल तर दुरुस्त करावी. मी विचारलं, फुकटात कोण करेल? तू हसलीस. आणि खरंच लोक आले. फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने तुझ्या आलेखातली गडबड काढून दिली, ब्राझीलच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीची पद्धत सुधारली, कुणीतरी सगळ्या सूचना तुर्की भाषेत करून टाकल्या. मी हे दुकानात गप्पा मारायला येणाऱ्या भैयाजींना सांगितलं तर ते म्हणाले की यामागे सरकार असणार. त्यांना वाटतं दुकानातला पंखासुद्धा सरकारच फिरवतं.

पेल्याची तपासणी मला फार आवडली होती. स्टीलचा पेला, अर्धा पाण्याने भरलेला, तो खुर्चीत बसून तोंडापर्यंत न्यायचा आणि व्हिडिओ काढायचा. यंत्र नको, दवाखाना नको, पेला प्रत्येकाच्या घरी असतो. चेहरा झाकायचा, नावाऐवजी नंबर. त्या दिवाळीत तू सुट्टी घेऊन जिल्ह्यातल्या आठ-दहा घरी स्वतः फिरलीस आणि पहिली मोजमापं काढलीस. चंदनचा पेला छातीपर्यंत गेला आणि खाली आला, पाणी सगळं मांडीवर. तू कॅमेरा धरून उभी होतीस, हलली नाहीस. आई आतल्या खोलीत गेली होती. जाताना तू तिला सगळं शिकवलंस आणि म्हणालीस, आता या घरांची मास्तरीण तू.

मास्तरकी तिने मनापासून केली. पवनारला विमलाबाईंकडे, हिंगणघाटला कौशल्याबाईंकडे, जिथं मूल तिथं ती जाऊन आली. त्याच सुमारास वर्ध्याच्या डॉक्टरांनी आपल्या गटातल्या मुलांना ती गोळी सुरू केली, जुनी, साधी, दुसऱ्याच आजारासाठीची, आणि तुमच्या साइटवरच्या चर्चेतून सुचलेली. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आलेखात बाकी जगाच्या रेषा खाली चालल्या होत्या, आणि आपल्या वर्ध्याची रेषा वर वळली. तू फोनवर रडत होतीस. ब्राझीलच्या बाईंनी स्वतःच्या आवाजात अभिनंदन पाठवलं, आम्हाला एक शब्द कळला नाही तरी तुझ्या आईने ते तीनदा ऐकलं. तिने चंदनला बटणांचे दोन शर्ट शिवायला टाकले. तोवर तो डोक्यावरून घालायचे टी-शर्टच वापरायचा. म्हणाली, आता हळूहळू स्वतः लावेल. ते शर्ट कपाटात घडी घातलेलेच आहेत.

मग तुर्कस्तानातल्या एका बापाने साइटवर लिहिलं की मी डॉक्टरांना न विचारता पोराला ही गोळी सुरू केली, त्याचं यकृत बिघडलं, तो दवाखान्यात आहे, पण वर्ध्याच्या मुलांना फरक पडतोय म्हणून मी सोडणार नाही. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो पाहुणा आला. नाव न देता लिहिणाऱ्याला तुमची साइट पाहुणा म्हणते, ते मला तेव्हा कळलं. त्याने इंग्रजीत लिहिलं होतं, तूच वाचून दाखवलंस. वर्ध्याच्या व्हिडिओंमध्ये दंडाचा स्नायू हलायच्या आधी कोपर वर येतं, म्हणजे खालून कुणीतरी उचलतंय, कृपया आधाराशिवाय पुन्हा मोजा, आणि तोवर कुणी नवीन गोळी सुरू करू नये. एवढंच. तू किती चिडली होतीस. सगळ्या जगासमोर त्याला उत्तर दिलंस की ज्याने असा पेशंट कधी पलंगावरून उचलला नाही, त्याने नाव लपवून आम्हाला शिकवू नये.

पण तू माझी पोरगी आहेस, चिडलीस तरी तपासलंस. व्हिडिओ हळू करून बघितलेस. चंदनच्या मागे आई उभी, पदर पुढे आलेला, आणि पदराआडून तिचा हात त्याच्या कोपराखाली. गोपालच्या मागे विमलाबाई, तसाच पदर, तसाच हात. सगळ्या घरांत तेच. आईने त्यांना शिकवताना हेही शिकवलं होतं, आणि त्या बिचाऱ्यांना वाटलं की तपासणीचा नियमच असा असेल. तुझी मोजमापं हाताशिवाय, त्यानंतरची हातासकट, आणि मध्ये गोळी. रेष वर गेली ती गोळीने नाही. तू स्वतःच्या नावाने दुरुस्ती टाकलीस, माफी मागितलीस, आणि वर्ध्याची रेष बाकीच्यांसारखीच खाली जाऊन बसली. त्या दिवशी मला तुझा जेवढा अभिमान वाटला तेवढा तुझ्या पदवीच्या वेळीही वाटला नव्हता. सांगायचं राहून गेलं, कारण घरात सुतक असल्यासारखं झालं होतं.

तू आईला फोनवर विचारलंस, का केलंस म्हणून. तिने फोन ठेवून दिला. मग मला म्हणाली, “तहानलेल्या लेकराच्या कोपराले हात लावला, त काय पाप केलं मी?” तिने जगाला फसवायला काही केलं नाही, हे तुलाही माहीत आहे. पाणी तोंडाशी येऊन परत जाताना तिला बघवलं नाही आणि हात आपोआप गेला. विज्ञानाला तो हात चालत नाही, हेही खरंच. या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये आम्ही दोघं बसलोय आणि तू तिकडे पुण्यात बसली आहेस. दिवाळीला तू आली नाहीस. साइट बंद करणार असं म्हणालीस, इतक्या लोकांची इतकी वर्षं आपल्या घराने वाया घालवली असं म्हणालीस. मी तेव्हा हो-हो केलं.

आता जे फोनवर सांगत नव्हतो ते सांगतो. चंदनची तब्येत मी सांगतो तशी नाही. रात्रीपुरता लावायचा श्वासाचा मास्क आता दिवसभर असतो. जेवण पातळ, तेही दोन-चार चमचे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की आता दवाखान्यात आणायची धावपळ करू नका, घरीच असू द्या. आईला मी शब्दात सांगितलं नाही, पण तिने त्याच दिवशी आपलं अंथरूण त्याच्या पलंगाशी ओढलं. तो मात्र कॉम्प्युटर सोडत नाही. उजव्या हाताची दोन बोटं चालायची तोवर स्वतः चालवायचा, दुसऱ्या मुलांचे व्हिडिओ बघायचा, तासन्‌तास. मला वाटायचं वेळ घालवतोय. आता बोटंही थांबलीत. तो डोळ्यांनी दाखवतो आणि मी माउस हलवतो, माझ्या या पाना-पक्कडच्या हातांनी, आणि तो माझ्यावर हसतो.

चार-पाच दिवसांपूर्वी आई मंदिरात गेली होती. दुपारची वेळ, तो म्हणाला ते जुनं पान उघडा. मी उघडलं. वर पाहुण्याचं लिहिलेलं, खाली तुझं उत्तर. तो ते बघत राहिला. मग मास्क थोडा सरकवायला लावला आणि म्हणाला, “बाबा, तो पाहुणा मीच होतो.” मी म्हटलं, तुले माहीत होतं का, असं लिहिलं त हे गोळीचं सारं बंद पडन? तो म्हणाला, “माहा जीव त जाऊनच राह्यला. त्या तुर्कस्तानच्या पोराचा काऊन जावा?” दोन बोटांनी किती दिवस लागले असतील त्याला तेवढं लिहायला, ते मी विचारलं नाही. आईला समोरासमोर का नाही सांगितलंस, एवढंच विचारलं. तर म्हणाला, “आईले नोको सांगू. तिले वाटन का तिचा हात मले नोको होता.” मग बराच वेळ त्याला श्वास पुरेना. मी विचारलं, आणि ताईला? त्यावर तो काही बोलला नाही. नको असंही म्हणाला नाही, आणि तेवढ्याच जोरावर मी हे लिहितोय. त्या तुर्की बापाचं पुढे काही आलं नाही, मूल आहे की गेलं कुणाला ठाऊक नाही, म्हणजे आपली आशा मोडून ते पोर वाचलं का, हेही चंदनला कळणार नाही. औषध मिळणार नाही. तू येशील तोवर तो असेल, असंही मी तुला सांगू शकत नाही. ज्याने कधी पेशंट उचलला नाही म्हणालीस, तो तुझा भाऊ आहे, आणि तेव्हापासून तो रोज दुपारी मला ते पान उघडायला लावतो आणि तुझ्या उत्तराखाली आणखी काही आलंय का ते बघतो. धीरजकडून हे घेशील तिथूनच गाडी पकड, बाळा. आणि पोचायला उशीर झाला तर म्हणून, गाडीत बसल्या बसल्याच त्या पानावर पाहुण्याला दोन ओळी लिही. वाचायला मी माउस धरीन.

तुझाच,
बाबा