सागाच्या फळ्यांवरचा पट्टा

ता. ७ आक्टोबर १९३६, बुधवार

सारवलं! माझ्या सागाच्या फळ्यांवर शेण! बाजारातून आलो, वहाणा नेहमीसारख्या पायरीखाली काढल्या, आत पाहतो तर माजघरात हातभर रुंद ओला पट्टा. सत्यभामेचे हात मनगटापर्यंत भरलेले. नवरा गेल्यापासून बारा वर्षं बहीण या घरात राहते. बारा वर्षांत तिला लाकूड कळलं नाही.

“घट बसायचे हायेत, दादा. बिनसारवल्या घरात देवी येते काय?”

घट देवघरात बसतात. हा पट्टा तर माझ्या बायकोच्या, कौशल्येच्या खाटेपासून मागच्या दारापर्यंत. देवी काय मागच्या दाराने येते? विचारलं, तर बादली उचलून गेली.

कौशल्येला मोतीबिंदूने काही दिसत नाही. नाहीतर तिनेच थांबवलं असतं.

ता. ८, गुरुवार

दिवसभर पट्टा खरवडला. करवंटीच्या तुकड्याने, हलक्या हाताने. गुडघे गेले.

शाळा माझी तिसरीपर्यंत. पण जंगलखात्यात तीस वर्षं नाकेदारी केली, लाकूड मला विचारा. या फळ्या बुलढाण्याच्या एका साहेबाच्या बंगल्यातल्या. बंगला मोडला तेव्हा लिलावात घेतल्या, सहा बैलगाड्यांनी घाटाखाली आणल्या. तिथला म्हातारा खानसामा म्हणाला होता, “जमादार, लकडी को तेल पिलाव, पानी मत दिखाव.” तेव्हापासून दर शनिवारी जवसाचं तेल, त्यात मेण वितळवून, आणि वरून घोंगडीच्या तुकड्याने घासणं. एक शनिवार चुकला नाही. यंदा पावसाळ्यापासून मेण जास्त घालतो आहे. चकाकी वेगळीच आली आहे.

शेणात ओल असते. ओलीमागून वाळवी येते. हे त्या बाईला कोण सांगणार?

ता. १०, शनिवार

पुन्हा! मी अंघोळीला गेलो तेवढ्यात. तोच पट्टा, तीच जागा. म्हणजे ठरवून.

मी ओरडलो. मग कौशल्या खाटेवरून म्हणाली, “असू द्या ना. पायाले बरं वाटते.”

हीसुद्धा तिकडची! हल्ली ती जेवायलाही खाली बसत नाही, ताट खाटेवर मागते. भिंतीवर तिच्या हातांचे डाग, कमरेच्या उंचीवर, ओळीने. तेही मलाच पुसावे लागतात. या घरात वस्तूची कदर मी सोडून कोणाला नाही.

सत्यभामेला सांगितलं, पुन्हा शेणाचा हात लागला तर शेगावला लेकीकडे जायचं.

ता. १३, मंगळवार

शेजारचा तुळशीराम सुतार आला होता. दारातच उभा राहिला.

“उकंडराव, दाढी करायले आरसा लागत नसन तुमाले.”

“आत ये की.”

“नाई बा. पाय सटकला तं माही बायको तुमाले विचारन.”

हसत गेला. हसू दे. पण सुतार असून चकाकी त्याच्या नजरेत भरली, हे मी पाहिलं.

ता. १४, बुधवार

तिसऱ्यांदा.

तिची ट्रंक माळ्यावरून काढून ओसरीत ठेवली. शुक्रवारच्या मोटारीने जाईल. कौशल्या भिंतीकडे तोंड करून निजली आहे. जेवली नाही. मीही नाही.

ता. १५, गुरुवार

पट्टा काढला. तेल-मेणाचे दोन हात दिले. आता टाचणी पडली तरी दिसेल.  

ता. १६, शुक्रवार

घट बसले. सत्यभामेने ट्रंकेला दोरी बांधली. जाताना माझ्या हातात कापडाची पुरचुंडी दिली. आत ओवा आणि मीठ.

“तव्यावर गरम करून वयनीच्या कमरेले शेक देजो, दादा. दोन्ही येळा.”

“काऊन?”

“पोळ्यापासून तीनदा पडली ते. तुह्या मेणावरून. मागच्या दारी जाते तवा.”

“मले काऊन नाई सांगितलं?”

“तिनं शपथ घातली. म्हणे, त्या फळ्यायवर त्यायचा जीव हाय, त्यायचं मन मोडू नको.”

मोटार रस्त्यावर भोंगा वाजवत होती. मी ट्रंक उचलून परत आत आणली.

ता. १७, शनिवार

तेलाचा दिवस. गाईचं ताजं शेण आणलं. खाटेपासून मागच्या दारापर्यंत मी सारवलं. जमलं नाही, कुठे जाड, कुठे पातळ.

वाळल्यावर कौशल्या उठली. पायाने चाचपलं. म्हणाली, “सत्यभामाबाई, आज हात बिघडला का तुमचा?”

सत्यभामेने माझ्याकडे पाहिलं. 

भिंत न धरता कौशल्या मागच्या दारापर्यंत गेली.