न चमकणारा रंग

अण्णा, परवा नांदेडच्या दुकानात आयशॅडोची पॅलेट निवडायला मी तासभर घालवला. तुम्हाला कळेल असं सांगायचं तर पापण्यांना लावायच्या रंगांची चपटी डबी, आत नऊ खण. मला रोज लावता येतील असे मातकट, बदामी, तपकिरी रंग हवे होते, अजिबात न चमकणारे. दुकानातली पोरगी एकेक डबी उघडून म्हणायची, "मॅडम, हे मॅट बघा, लई चालतंय." मी रंग हाताच्या आतल्या बाजूला घासायचे, बाहेर उन्हात जाऊन बघायचे, परत यायचे. चौथ्या खेपेला ती म्हणाली, "डोळ्यालाच लावायचंय ना?" मी हाव म्हणाले. खोटं बोलले.

ही उन्हात बघायची खोड तुमची. माहूरला गडाच्या पायथ्याशी आपलं कुंकवाचं दुकान, परातीतल्या ढिगांमागं तुम्ही बसलेले. गिऱ्हाईक बाईला हात कसा लावायचा, म्हणून माझाच हात पुढं ओढायचात. चिमूटभर कुंकू घासून मला उन्हात उभं करायचात आणि बाईला सांगायचात, "चमकलं की समजायचं, भेसळ हाय. कपाळ खाईल ते." तसाच लाल हात घेऊन मी शाळेत जायचे, पोरी हसायच्या. एकदा चिडून म्हणाले, मला वीट आलाय तुमच्या कुंकवाचा. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही स्वतःच्या हातावर घासायला लागलात. ते मला आजही खुपतं. आईला मात्र ढिगातलं कधी दिलं नाहीत. तिचं वेगळं चाळायचात आणि पितळी करंड्यात भरून द्यायचात.

तुम्ही गेलात त्या दिवशी, तुम्हाला न्यायच्या आधी, आत्या म्हणाली, फडकं ओलं करून आणा. कुणीतरी आणून दिलं. आईचं कपाळ पुसलं. पुढं मी तिला माझ्याकडं घेऊन आले.

मी ऑफिसला जाताना डोळ्यांना थोडा रंग लावते. यंदा माझ्या जुन्या पॅलेटमधला एक खण आपोआप झिजायला लागला, मी कधीच न वापरलेला. लेकीवर ओरडले. ती म्हणाली, मी हातसुद्धा लावला न्हाई. मग एका सकाळी आई सापडली, आरशासमोर. कपाळावर आधी मेणाचा ठिपका, वर अनामिकेनं तो तपकिरी रंग, अगदी तिच्या कातडीसारखा. मला बघून दचकली. "दिसतंय का गं?" "न्हाई." "मग झालं." कधीपासून, विचारलं तर म्हणाली, "पाडव्यापासून लावून राहिले."

तो खण संपत आलाय, तळाचा पत्रा दिसतोय, आणि ती पॅलेट आता कुठं मिळत नाही. म्हणून परवाचा सगळा उद्योग. आईच्या कातडीचा रंग मला तिसऱ्या खेपेलाच मिळाला होता, अण्णा. पण मी तो घेतला नाही. त्याच्याहून जरा लालसर, विटकरी घेतला. म्हटलं, किती दिवस लपवायचं, थोडं दिसू दे.

घरी आणून मी तो तिच्या हातात दिला. आईनं लावला. आरशाच्या जवळ गेली. "हे दिसतंय."

"दिसू दे ना, आई."

ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, ठेवील. मग माझ्याकडं न बघता हात पुढं केला. "फडकं ओलं करून दे." मी दिलं. तिनं आपल्या हातानं पुसलं, जुन्या पॅलेटच्या कडेला उरलेली पूड बोटानं गोळा केली आणि लावली. एवढंच म्हणाली, "आणायच्या आधी विचारायचंस मला."

उद्या जाऊन तिच्या कातडीचा रंग आणते. हे कागद घडी करून तुमच्या रिकाम्या करंड्यात ठेवीन. आईला वाचता येत नाही, म्हणून तरी इतकं लिहिता आलं. वर मी लिहिलंय, फडकं कुणीतरी आणून दिलं. कुणीतरी नाही, अण्णा. आत्यानं मागितलं आणि मीच मोरीत जाऊन भिजवलं, पिळलं, तिच्या हातात दिलं. आईला विचारलं नाही. ती तेव्हा माझ्याकडंच बघत होती.