कळंबजवळ एसीने दगा दिला

बाबा, परवा आईला यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं. उष्माघातातून उठलेली बाई. "पुन्हा ऊन लागलं तर माझ्याही हातात काही राहणार नाही," असं डॉक्टरांनी बजावलेलं. सकाळीच निघायचं होतं, पण दवाखान्यातून सुट्टी मिळेपर्यंत ऊन चढलं. मे महिना, आणि जायचं राळेगावला. म्हटलं, गाडीत एसी आहे, कशाला घाबरायचं! कळंबच्या अलीकडे एसीने हात टेकले. फुंकर मारल्यासारखी हवा, तीही कोमट. बटण शेवटपर्यंत फिरवलं, तर आवाज तेवढा वाढला. आरशात बघते तर आईचे ओठ सुकलेले. "काच खाली कर ना वं," ती म्हणाली. केली, तर अशी झळ आली की लगेच वर घेतली. मला राग येत होता सगळ्यांचा, तुमचासुद्धा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अशा वेळी तुम्ही नसता याचा राग येतोच.

एका कडुनिंबाखाली गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं. गॅस संपला असेल तर इथे कोण भरून देणार? तेव्हा तुम्ही दिसलात, दर मार्चमध्ये अंगणात कूलर उघडून बसणारे. पंखा फिरतो पण हवा येत नाही, म्हणून मी एकदा कूलरला लाथ घातली होती. तुम्ही ओरडलात, "त्याले कायले मारतं? आंधी हात लावून पाह्य, हवा अडून कोठं राह्यली!" वाळ्याच्या ताट्या मातीने बुजल्या होत्या. मी एसीच्या जाड नळीला हात लावला. गार होती, ओली. म्हणजे थंडावा तयार होतोय, हवाच अडली आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा फिल्टर ओढला, तर मुठीमुठीने कापूस! उंदराने घरटं केलेलं. यंदाचा कापूस घरापुढच्या सपरीत, छपराखाली भरून ठेवलाय, आणि सावली मिळते म्हणून मी गाडी त्याला अगदी चिकटून लावते. शहाणीच मी. सगळं उपसलं आणि फिल्टर न बसवताच निघाले.

गार हवा सुटली, तशी आई झोपली. मला मात्र ती झोप झोपेसारखी वाटेना. पुन्हा गाडी थांबवून तिच्या नाकापुढे बोट धरलं. डोळे न उघडता ती म्हणाली, "जित्ती हाओ वं मी. चाल." मी हसले, आणि मग चांगलीच रडले.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. घरी आल्यापासून मी तिच्या खाटेजवळ झोपते. माझ्या खोलीत उकडतं, असं तिला सांगितलंय. खरं तर तिचा श्वास ऐकत पडते. तिला ते कळलंय बहुतेक, कारण मी कूस बदलली की ती मुद्दाम मोठ्याने श्वास घेते.