जुईची शाळा बदलतोय, अप्पा

प्रिय अप्पा,

‘तीर्थरूप’ न लिहिता ‘प्रिय’ लिहिलं म्हणून लगेच लाल पेन उचलू नका. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, आता तरी माझं लिहिलेलं तपासू नका! आज लिहायला बसले, कारण ही गोष्ट जिवंत माणसाला सांगायची माझी हिंमत होत नाहीये. आणि सांगितली नाही तर काहीतरी वाईट होणार, असं सकाळपासून वाटतंय.

आम्ही तुमच्या नातीची शाळा बदलतोय. पहिलीतच!

जूनपासून जुईच्या पोटात दुखायचं. दप्तर भरलं की सुरू. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. मग तिच्या गणिताच्या वहीची पानं कमी व्हायला लागली. संदीपनं मांडीवर घेऊन खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं. चुकलेलं पान ती फाडायची आणि चावून गिळायची. सहा वर्षांची पोर कागद खात होती, अप्पा!

संदीप तुम्हाला कायम मिळमिळीत जावई वाटला. त्या दिवशी तो शाळेत जाऊन भांडून आला बरं का. बाई शपथेवर म्हणाल्या, “आम्ही अंगाला हात लावत नाही हो. उलट वर्गात सगळ्यात गुणी तीच.” त्याला पटलं नाही.

मग त्यानंच ही दुसरी शाळा शोधली. जुळे सोलापूरच्याही पुढं, दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि चार लिंबाची झाडं. परीक्षा नाही, गणवेश नाही, मुलं शिकवणाऱ्यांना ताई म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “पोरं दिवसभर मातीत लोळत्यात म्हणं तितं! मग शाळा कशाला ओ, अंगण काय वाईट हाय?” तुम्हीही हेच म्हणाला असता की!

त्यांची एक रीत आहे. प्रवेशाआधी मुलानं एक दिवस येऊन राहायचं आणि आईबापांनी भिंतीला टेकून बसायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. तो दिवस आज होता.

एक मुलगी काठीनं शेडची लांबी मोजत होती. दोघं चिखलाच्या एका गोळ्यावरून भांडत होते आणि कुणी त्यांना सोडवत नव्हतं. आणि आपली जुई? आत आली, भिंतीजवळ गेली, हाताची घडी, तोंडावर बोट. कुणी सांगितलं नव्हतं. पाऊण तास ती तशीच उभी! ताई जवळ येऊन म्हणाल्या, “बसावंसं वाटलं तर बस हं.” जुईनं ताईंकडं बघितलंच नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मग ताईंनीही माझ्याकडं बघितलं.

“बघ, त्या शाळेनं काय करून ठेवलंय पोरीचं,” संदीप कानात पुटपुटला. मी मान हलवली. हो, मी मान हलवली, अप्पा.

तुमची शुक्रवार पेठेतली शिकवणी आठवली मला. छडी खाल्ली की हात मागं घ्यायच्या आधी “आभारी आहे, सर” म्हणायचं, ही तुमची शिस्त. आणि मी घरची, म्हणून मला दोन जास्त! संध्याकाळी तुम्हीच खारे शेंगदाणे आणायचात, शेजारी बसून तेच गणित परत समजावायचात. मला वाटायचं, मार म्हणजेच माया. एकदा तरी विचारायचं होतंत ना, दुखलं का गं म्हणून? एवढं काय जड होतं त्यात?

तुमच्या शोकसभेत मोठमोठे साहेब तळहात पुढं करून हसत सांगत होते, सरांनी इथं मारलं म्हणून घडलो. मीही उठून सांगितलं. सगळ्यात जास्त हशा मलाच मिळाला.

आज शाळेतून आल्यावर जुई गॅलरीत खेळत होती. घरातल्या सगळ्या चपला तिनं ओळीत बसवल्या होत्या. माझी आई, तुमच्यामागं आमच्याकडंच असते ती, शेजारी मेथी निवडत होती. मी दारातून ऐकलं. जुई अगदी हळू, शांत आवाजात बोलत होती. “हात पुढे कर. अजून पुढे. रडलीस तर परत पहिल्यापासून.” मग तिनं स्वतःचाच डावा हात पुढं केला, उजव्या हातानं त्यावर पट्टी मारली आणि म्हणाली, “थँक्यू, आई.”

“अगं बया! हे कुटं शिकली ही?” आई म्हणाली. मग तिनं वर बघितलं, मी दिसले, आणि ती परत मान खाली घालून मेथी निवडायला लागली. जशी तुमच्या वेळी निवडायची.

मीच, अप्पा. दुपारी, संदीप ऑफिसात आणि आई झोपलेली असताना. दोनच, तेही हळू, असं मी मनाला सांगायची. ‘आभारी आहे’ म्हणताना पोरीची जीभ अडखळेल म्हणून मी ‘थँक्यू’ चालवून घेतलं. केवढी ती माझी काळजी!

आता संदीप खूश आहे. “नव्या शाळेत महिनाभरात ठणठणीत होईल बघ,” म्हणतोय. मला मात्र धास्ती वाटतेय. शाळा बदलेल हो, पण दुपारी दोनला पोर माझ्याकडंच येणार! तिथं ती झाडावर चढेल, चिखल कालवेल, मोठ्यानं हसेल, आणि घरी आल्यावर मला तेच सहन होणार नाही. मी स्वतःला ओळखते. तिथं जेवढी मोकळी होईल, तेवढी इथं जास्त मार खाईल.

ताईंनी निघताना एक कागद दिला. एकच प्रश्न आहे. मूल चुकलं की घरी काय होतं? आईनं आणि बाबांनी वेगवेगळं लिहायचं. संदीपनं लिहिलं, “जवळ घेऊन समजावतो.” खरंच लिहिलं त्यानं. खाली माझी जागा कोरी होती. आत्ता, तुम्हाला हे लिहिता लिहिता, मी ती भरली. “मी पट्टीनं मारते आणि तिला थँक्यू म्हणायला लावते. नवऱ्याला माहीत नाही.” प्रवेश नाकारतील कदाचित. संदीप काय करेल, ते मला माहीत नाही.

हे बघा, जुई आली. वही आणि पट्टी दोन्ही घेऊन. मी मागितली नव्हती. “आई, दोन चुकले,” म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.

मी संदीपला हाक मारली आहे. तो हात पुसत येतोय.

पुन्हा कधी मारणार नाही, असं वचन मी देत नाही अप्पा. तेवढा माझा माझ्यावर भरवसा नाही. एवढंच वचन देते, तो दारात आला की मी पट्टी लपवणार नाही, आणि आधी तो कागद त्याच्या हातात देईन.

तुमच्या हाताखाली घडलेली,
सुमा